जॅकवेलवरचा मॉडेम : सिरियल पोर्टची सेटिंग्ज रीबूटनंतर टिकवण्याच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४

कृष्णाकाठी, भिलवडीच्या पुढे, एका पाणीपुरवठा संस्थेच्या जॅकवेलवर एक लहानसा बिनपंख्याचा संगणक बसवलेला आहे. विहिरीतील पाण्याची पातळी आणि पंप चालू आहेत की बंद, एवढी माहिती तो दर तासाला ऑपरेटरच्या व संस्थेच्या सचिवांच्या मोबाईलवर पाठवतो. मेसेज जातो तो सिरियल केबलने जोडलेल्या जीएसएम मॉडेममधून. गेल्या आठवड्यात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली नव्याने घातली आणि जुन्या डिस्कवरील स्क्रिप्ट जशाच्या तशा आणून ठेवल्या. तेव्हापासून एकही मेसेज गेलेला नाही, म्हणून आज सांगलीहून सकाळीच निघालो.

संगणक सुरू होता, स्क्रिप्टही सुरू होती. मेसेज पाठवणारी ही शेल स्क्रिप्ट माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली असून ती पोर्टच्या फाइलमध्ये (लिनक्समध्ये पोर्टही फाइलसारखा दिसतो) एटी आज्ञा, म्हणजे मॉडेमला द्यायच्या ‘एटी’ने सुरू होणाऱ्या सूचना, सरळ ढकलते आणि उत्तर ‘कॅट’ या फाइल वाचणाऱ्या आज्ञेने वाचते. पोर्टचा वेग किंवा बाकी काही ती स्वतः ठरवत नाही, पोर्ट ज्या स्थितीत मिळेल त्या स्थितीत वापरते. पायथॉनच्या पायसिरियलसारख्या लायब्ररीने लिहिलेला कार्यक्रम पोर्ट उघडताना वेग, पॅरिटी (चूक पकडण्याचा जादा बिट) आणि बाकीचे सगळे आपल्या मर्जीप्रमाणे लावून घेतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न फारसा येत नाही. येथे मात्र स्क्रिप्ट सुरू होण्याआधी कोणीतरी पोर्ट तयार करून ठेवणे आवश्यक आहे.

‘एसटीटीवाय’ या पोर्टची सेटिंग्ज पाहण्या-बदलण्याच्या आज्ञेने पहिल्या पोर्टची, म्हणजे ‘टीटीवायएस०’ची, स्थिती पाहिली. वेग ९६०० (बिट दर सेकंदाला), इको (आलेले अक्षर परत पाठवणे) चालू, ओळीओळीने वाचण्याची पद्धत चालू. लिनक्सचा सिरियल ड्रायव्हर सुरू होताना पोर्टला हीच मूळ स्थिती देतो : ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). जुन्या डिस्कवर हा वेग १,१५,२०० करणारी ‘एसटीटीवाय’ची ओळ ‘/ईटीसी/आरसी.लोकल’ या, संगणक सुरू होताना चालणाऱ्या, फाइलमध्ये होती. ती फाइल नव्या डिस्कवर आणलेली आहे, ओळही जागेवर आहे, परंतु कॉपी करताना फाइलची एक्झिक्यूट (चालवण्याची) परवानगी गेलेली आहे. सिस्टमडी, म्हणजे संगणक उठताना बाकीचे कार्यक्रम सुरू करणारा कार्यक्रम, ही फाइल परवानगी असेल तरच चालवतो, नसेल तर सोडून देतो.

परवानगी दिली, तीन वेळा रीबूट केले, तिन्ही वेळा मेसेज आला. चहा घेऊन परत निघालो.

६ जून

मेसेज पुन्हा बंद झाला. काल सायंकाळच्या वळवाने वीज गेली ती पहाटे आली, आणि तेव्हापासून काही नाही.

पोर्टची स्थिती पाहिली तर ती अगदी हवी तशी होती. ‘आरसी.लोकल’ने आपले काम केले होते, वेग १,१५,२०० होता, तरीही मॉडेमला ‘एटी’ लिहिले की ‘ओके’ऐवजी नुसता कचरा येत होता. मग ‘/प्रोक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल’ ही फाइल रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होऊन उघडली. या फाइलकडे सहसा कोणी जात नाही, पण सिरियलच्या कामात तिच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. प्रत्येक पोर्टची एक ओळ असते : चिप १६५५०ए, पत्ता ३एफ८, आयआरक्यू (चिप प्रोसेसरला हाक मारते तो क्रमांक) ४, किती बाइट गेले, किती आले, आणि शेवटी कोणकोणत्या वायरवर सिग्नल आहे ते. या ओळीत आज ‘एफई’ असे एक जादा पद होते आणि मी ‘एटी’ पाठवला की त्याचा आकडा वाढत होता. एफई म्हणजे फ्रेमिंगची चूक, म्हणजे स्टॉप बिट जेथे हवा तेथे सापडला नाही. अशी चूक झालेली नसेल तर हे पद ओळीत दिसतही नाही. केबल ठीक असताना ही चूक सारखी वाढत असेल, तर दोन्ही टोकांचे वेग जुळत नाहीत असाच बहुतेक वेळा अर्थ असतो.

पोर्ट हाताने ९६०० वर आणला आणि पहिल्याच ‘एटी’ला ‘ओके’ आले. म्हणजे मॉडेम ९६०० वर बसला होता. पण तीन दिवसांपूर्वी हाच मॉडेम १,१५,२०० वर बोलत होता.

उत्तर मला ऑपरेटर आबांनी दिले, आणि ते त्यांना बहुधा दोन वर्षांपासून माहीत असावे. ते म्हणाले, “भाऊ, लाईट घटकाभर गेली तर काय हुत न्हाई. रातभर गेली की मग मेसेज बंद. आधीचा पोरगा यायचा, कायतरी टायपून जायचा, की परत सुरू.” मी पॅनेलचे दार उघडून वायर शोधत गेलो. संगणक सरळ मेनवर आहे. मॉडेमला मात्र पॅनेलमधील बारा व्होल्टच्या बॅटरीवरून वीज मिळते, आणि ती बॅटरी चार्जरवर असते. वीज थोडा वेळ गेली तर फक्त संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, मॉडेम मधल्या काळात जागाच राहतो आणि कोणीतरी हाताने दिलेला १,१५,२०० चा वेग त्याच्या चालू स्मृतीत टिकतो. रात्रभर वीज गेली की बॅटरीही उतरते, मॉडेम बंद पडतो, आणि परत उठतो तो स्वतःच्या जतन केलेल्या प्रोफाइलमधला ९६०० घेऊन.

याचा सरळ अर्थ असा की माझ्या ३ तारखेच्या तिन्ही चाचण्या निरुपयोगी होत्या. रीबूटची आज्ञा देऊन मी फक्त संगणकाची परीक्षा घेतली, आणि नापास होणारा विद्यार्थी बाजूला बॅटरीवर निवांत बसला होता.

७ जून

आज जॅकवेलवर गेलो नाही. दुकानात बसून कोणती गोष्ट कोठे राहते ते कागदावर मांडले, कारण ‘सेटिंग टिकत नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या जागा गुंतलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे सिरियल चिप आणि तिचा ड्रायव्हर. पत्ता, आयआरक्यू, चिपचा प्रकार या गोष्टी ‘सेटसिरियल’ने पाहता आणि बदलता येतात. जुन्या डेबियनवर ‘सेटसिरियल’च्या पॅकेजसोबत एक सोय येत असे : संगणक बंद होताना पोर्टची स्थिती एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि सुरू होताना परत लावायची. आमच्या कामाला ती दोन कारणांनी निरुपयोगी आहे. एक तर वेग, इको आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याला ‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगण्याची सोय) हे तिच्या कक्षेत येत नाहीत. दुसरे असे की वीज जाते तेव्हा संगणक रीतसर ‘बंद होत’ नाही, त्यामुळे जतन करण्याची वेळच येत नाही.

दुसरी जागा म्हणजे कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, टर्मिनलची स्थिती, जी ‘एसटीटीवाय’ बदलते. पोर्ट बंद केल्यावरही शेवटची स्थिती कर्नल लक्षात ठेवते आणि पुन्हा उघडल्यावर तीच देते, त्यामुळे हाताने एकदा सेटिंग लावले की दिवसभर सारे सुरळीत चालते आणि ते कायमचे झाले असा भ्रम होतो. ही स्मृती रॅममध्ये असते, डिस्कवर कोठेही लिहिली जात नाही.

तिसरी जागा मॉडेमची स्वतःची. वेगासाठी ‘एटी+आयपीआर’ आणि फ्लो कंट्रोलसाठी ‘एटी+आयएफसी’ या आज्ञा आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) व्ही.२५० या मानकात आहेत. प्रोफाइल जतन करणारी ‘एटी&डब्ल्यू’ मात्र त्या मानकात नाही. ती हेज या जुन्या मॉडेम कंपनीच्या परंपरेतून आलेली असून प्रत्येक निर्मात्याने आपापल्या पद्धतीने ठेवलेली आहे, म्हणून तिने नेमके काय जतन होते ते मॉडेमची वीज काढून तपासल्याशिवाय धरून चालू नये. आधीच्या माणसाने वेग बदलला होता, पण तो जतन केला नव्हता, आणि म्हणून प्रत्येक मोठ्या अंधारानंतर त्याला मोटारसायकल काढावी लागत होती.

आता प्रश्न वेगाचा. मॉडेममध्ये १,१५,२०० जतन करणे हा सरळ मार्ग होता, पण तो मी घेतला नाही. एका मेसेजची अक्षरे जास्तीत जास्त १६०, स्टार्ट आणि स्टॉप धरून एका अक्षराचे १० बिट, म्हणजे १,६०० बिट. ९६०० च्या वेगाने त्यांना एक षष्ठांश सेकंद लागतो. तासाला एक मेसेज पाठवणाऱ्या यंत्राला यापेक्षा घाई कसली? उलट ९६०० ठेवले तर कर्नलची मूळ स्थिती आणि मॉडेमची जतन केलेली स्थिती आपोआप जुळतात, आणि उद्या माझी एखादी फाइल चालली नाही तरी दोघांचे बोलणे तुटत नाही. जे सेटिंग मुळातच तसे आहे त्याला टिकवण्याची खटपट करावी लागत नाही. फ्लो कंट्रोलही याच हिशोबाने दोन्ही बाजूंनी बंद ठेवायचे ठरवले.

मग कर्नलच्या मूळ स्थितीत बदलण्यासारखे उरते काय? मुख्यतः इको, ओळीओळीची पद्धत आणि हपसीएल. हपसीएल म्हणजे पोर्ट बंद होताच डीटीआरची (संगणक तयार आहे असे सांगणारी) वायर खाली सोडणे. जुन्या टेलिफोन मॉडेमच्या काळात याने फोन ठेवला जात असे. आमची स्क्रिप्ट प्रत्येक मेसेजला पोर्ट उघडते आणि बंद करते, त्यामुळे हपसीएल चालू राहिले तर मॉडेमला दर वेळी ‘संगणक गेला’ असे वाटेल, म्हणून ते बंद करायचे.

९ जून

मॉडेम ९६०० वरच होता. ‘एटीई०’ देऊन त्याचा इको बंद केला, ‘एटी+आयएफसी’ने फ्लो कंट्रोल बंद केले, ‘एटी&डब्ल्यू’ दिले, आणि मॉडेमची वायर बॅटरीवरून काढून पाच मिनिटे तशीच ठेवली. परत जोडल्यावर तिन्ही गोष्टी जागेवर होत्या. टेक्स्ट पद्धतीचा मेसेज मागणारी ‘सीएमजीएफ’ आज्ञा जतन करण्याच्या भानगडीत पडलो नाही. ती स्क्रिप्टने प्रत्येक मेसेजपूर्वी द्यावी असे करून ठेवले.

इकोबद्दल थोडे लिहून ठेवतो, कारण या कामात मला सर्वात मजेशीर वाटलेली गोष्ट तीच. मॉडेमचा इको चालू आणि पोर्टचाही इको चालू, अशी स्थिती मुद्दाम करून पाहिली. मॉडेमकडून एक अक्षर आले की पोर्ट ते परत पाठवतो, मॉडेम ते पुन्हा परत पाठवतो, आणि दोघांमध्ये टेबल टेनिस सुरू होते. ‘प्रोक’मधील त्या ओळीत गेलेल्या आणि आलेल्या बाइटचे आकडे कोणी काही न करता बरोबरीने धावताना दिसले. एका बाजूचा इको मॉडेममध्येच कायमचा बंद केलेला असला तर हे चक्र सुरूच होऊ शकत नाही. येथे एक बारीक खाच आहे : ‘एसटीटीवाय’मध्ये ‘रॉ’ (अक्षरे जशीच्या तशी घेणे) म्हटले की इकोही बंद होतो असा समज आहे, पण जीएनयूच्या ‘एसटीटीवाय’मध्ये तसे होत नाही, उणे चिन्ह लावून ‘इको’ वेगळा लिहावा लागतो. आधीच्या माणसाच्या ओळीत नेमका तोच शब्द नव्हता.

त्यानंतर ‘आरसी.लोकल’ काढून टाकून सिस्टमडीची एक छोटी सर्व्हिस लिहिली. प्रकार ‘वनशॉट’ (एकदाच चालून संपणारी), काम संपल्यावरही सक्रिय समजावी अशी खूण, आणि ‘डेव्ह-टीटीवायएस०’ या डिव्हाइस युनिटशी ‘बाइंड्सटू’ व ‘आफ्टर’ने बांधलेली, म्हणजे पोर्ट अस्तित्वात येण्यापूर्वी ती चालणार नाही. मेसेजच्या सर्व्हिसच्या आधी ती यावी म्हणून ‘बिफोर’ घातले, आणि मेसेजच्या सर्व्हिसमध्ये तिच्यासाठी ‘रिक्वायर्स’ घातले, म्हणजे पोर्ट तयार झाला नाही तर मेसेजची सर्व्हिस सुरू न होता लॉगमध्ये कारण तरी दिसेल. आत ‘एसटीटीवाय’ची एकच ओळ आहे, पूर्ण पाथ देऊन : वेग ९६००, आठ बिट, रॉ, इको नाही, हपसीएल नाही, फ्लो कंट्रोल नाही, सीलोकल (मॉडेमच्या सिग्नल वायरची वाट न पाहणे) चालू. वेग मुळातच तो असला तरी वाचणाऱ्याला कळावे म्हणून लिहिला आहे. ‘एसटीटीवाय’ सारी स्थिती एका लांबलचक हेक्स ओळीत काढून देते आणि ती फाइलमध्ये ठेवून परत लावता येते, हेही माहीत आहे. पण दोन वर्षांनी ती ओळ उघडून तिच्यात काय आहे ते मलाही सांगता येणार नाही, म्हणून शब्दच बरे.

११ जून

आजची चूक सर्वस्वी माझी.

जॅकवेलवर स्क्रीन नाही. बूट होताना काय घडते ते लॅपटॉपवर पाहता यावे म्हणून परवा मी मॉडेमची केबल काढून नल मॉडेम केबल (दोन संगणक सरळ जोडणारी) लावली होती आणि ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या, फाइलमध्ये कर्नलला ‘कन्सोल’ म्हणून हाच पोर्ट दिला होता. काम झाल्यावर केबल बदलली, ग्रबमधील शब्द तसाच राहिला. काल रात्री संगणक रीबूट झाल्यावर कर्नलचे सगळे बूट संदेश मॉडेमच्या कानात ओतले गेले. एवढ्यावर भागले नाही. कर्नलच्या ओळीत सिरियल कन्सोल दिसला की सिस्टमडी आपणहून त्या पोर्टवर लॉगिनची गेटी (लॉगिन विचारणारा कार्यक्रम) बसवतो. ती गेटी पोर्ट उघडून वेग, इको, सगळे आपल्या सोयीचे करून घेते आणि मॉडेमला ‘लॉगिन’ विचारत बसते. माझी सर्व्हिस यशस्वी झाल्याचे लॉगमध्ये होते आणि पोर्टची स्थिती मात्र भलतीच होती.

‘फ्यूजर’ने पोर्ट कोणी धरला आहे ते विचारल्यावर ‘एगेटी’चे, म्हणजे त्याच गेटीचे, नाव आले आणि डोक्यात प्रकाश पडला. ग्रबमधील शब्द काढला, ‘अपडेट-ग्रब’ चालवले, आणि त्या पोर्टची गेटी मास्कही (सुरूच होणार नाही अशी बंद) करून ठेवली, म्हणजे पुढे मी किंवा दुसरा कोणी हीच चूक केली तरी निदान लॉगिन तरी येणार नाही.

१४ जून

पातळीचा सेन्सर आणि वीजमीटर हे दोन यूएसबी कन्व्हर्टरवर आहेत आणि रीबूटनंतर त्यांची ‘टीटीवाययूएसबी०’ व ‘१’ ही नावे कधी कधी अदलाबदल होतात. दोन्ही सीएच३४० चिपचे आहेत, दोन्हींचा ओळख क्रमांक एकच आणि आत सिरियल नंबर नाही, त्यामुळे यूडेव्हच्या (उपकरणांना नावे देणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमात त्यांना कन्व्हर्टरवरून ओळखता येत नाही. ते कोणत्या यूएसबी खाचेत बसले आहेत त्यावरून नाव दिले : ‘पातळी’ आणि ‘मीटर’ अशा अर्थाचे दोन सिमलिंक (पर्यायी नावे). खाचांवर रंगीत टेप लावली. कोणी प्लग उलटे लावले तर नाव उलटे होणार, याला इलाज टेपचाच.

१९ जून

खरी चाचणी आज. संगणकाची मेन आणि मॉडेमची बॅटरी दोन्ही एकदम तोडायची, थांबायचे, दोन्ही एकदम जोडायचे. पाच वेळा केले. पहिल्या दोन वेळा मेसेज गेला नाही.

पोर्ट ठीक, मॉडेम ठीक, ‘एटी’ला ‘ओके’. पण मेसेज पाठवताना ‘एरर’. मॉडेमच्या दिव्याकडे पाहत बसलो तेव्हा उलगडले. थंड स्थितीतून उठलेला मॉडेम नेटवर्क शोधत असताना दिवा भराभर लुकलुकतो, आणि नोंदणी झाली की सुमारे तीन सेकंदांनी एकदा, संथपणे. एसएसडी आल्यापासून संगणक इतका लवकर उठतो की दिवा संथ होण्यापूर्वीच स्क्रिप्ट पहिला मेसेज ढकलून मोकळी होते, आणि नापास झालेला मेसेज पुन्हा पाठवण्याची तिच्यात सोय नाही. जुन्या डिस्कच्या संथपणाने हा दोष झाकून ठेवला होता. आता स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी ‘सीआरईजी’ विचारते आणि उत्तरात १ किंवा ५ येईपर्यंत, म्हणजे स्वतःच्या किंवा रोमिंगच्या नेटवर्कवर नोंदणी होईपर्यंत, थांबते. उरलेल्या तिन्ही वेळा मेसेज गेला, म्हणून आणखी पाच वेळा केले. तेही गेले.

दिव्याची भाषा आबांना सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे निवांत लुकलुकला की समजायचं, झालं.” अगदी तसेच.

२ जुलै

तेरा दिवसांपूर्वी वाटले नव्हते इतक्या वेळा वीज गेली, दोनदा रात्रभर. दोन्ही वेळा पहाटे वीज येताच सचिवांना मेसेज मिळाला. आता पावसाळा भरात येईल. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीत पोराटोरांना पाठ असते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते तेव्हा काठावरच्या किती पंपांच्या मोटारी बुडाल्या हेही लोक विसरलेले नाहीत. पूर येण्याआधी मोटारी वर काढायच्या तर पातळीचा मेसेज वीज गेलेल्या रात्रीनंतरही यायला हवा.

एक गोष्ट राहिली होती. निम्मी सेटिंग्ज आता मॉडेमच्या पोटात आहेत, म्हणजे मॉडेम जळाला तर ती त्याच्याबरोबर जाणार, आणि डिस्कचा कितीही बॅकअप ठेवला तरी त्यात ती नाहीत. म्हणून आज राखीव मॉडेम आणून त्यातही तेच सारे भरले. तो कारखान्यातून आपोआप वेग ओळखण्याच्या स्थितीत आलेला होता, त्यामुळे त्याला ‘आयपीआर’ने ९६०० ठाम सांगावे लागले. जतन केले, वीज काढून पाच मिनिटांनी तपासले, दोन मेसेज पाठवले. मग त्यावर मार्करने ‘९६००, जतन केले, २ जुलै’ असे लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह पॅनेलच्या वरच्या कप्प्यात ठेवला. सिम बदलण्यासाठी लागणारी पिन आबांनी स्वतःच्या टोपीत टोचून घेतली.